साडूभाऊंचा एक 'वा'

या सगळ्या उपद्व्यापातून व्हाउचररावांना मिळवायचं होतं ते फार नव्हतं. एक 'वा'. तो मोठ्याने म्हटला जावा असाही त्यांचा आग्रह नव्हता. घास गिळता गिळता, मान जराशी हलवून म्हटलेला चालला असता. फक्त तो साडूभाऊंच्या तोंडून यायला हवा होता, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

साडूभाऊ म्हणजे व्हाउचररावांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. समोरच्याचं माप थोडं तरी कमी भरणारच, या श्रद्धेवर त्यांची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीच्या वेळी खात्याने शिक्के परत मागितले तरी श्रद्धा मागून घ्यायची राहून गेली. व्हाउचररावांच्या लग्नापासून साडूभाऊंनी त्यांच्या प्रत्येक गोष्टीवर एकच शेरा मारला होता: 'बरं आहे.' फ्लॅट घेतला, बरं आहे. मुलगी वर्गात पहिली आली, बरं आहे. नव्या सोफ्यावर ते बसले, उठले, पुन्हा बसले, कडेच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, बरं आहे. बढतीची बातमी फोनवर कळवली तेव्हा तर पलीकडून नुसता 'बरं' आला. 'आहे' बहुधा लाइनीत अडकलं.

व्हाउचरराव हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. विमा कंपनीच्या हिशेब विभागात ते चहाच्या पैशांनाही व्हाउचर मागत, म्हणून ऑफिसने ते बहाल केलं होतं. पुढे ते घरापर्यंत पोचलं, आणि चिडली की बायकोही वापरू लागली.

तर साडूभाऊ आणि ताई आठवडाभर राहायला येणार असं कळलं, तेव्हा व्हाउचररावांनी ठरवलं की या खेपेला घरातलं काही दाखवायचंच नाही. एवढं मोठं शहर दाराशी पसरलेलं आहे, त्यालाच कामाला लावायचं. बाहेर जेवण आणि जेवणावर नाटक. शहराला 'बरं आहे' म्हणाले तर तो शहराचा अपमान, आपला नाही.

नाटक कोणतं, हा प्रश्न समोरच्या ब्लॉकमधल्या डेंटिस्टांनी सोडवला. डेंटिस्टांना नाटकाचं वेड होतं आणि ते त्याविषयी फक्त दवाखान्यात बोलत, कारण तिथे समोरच्याच्या तोंडात कापूस असतो. व्हाउचररावांची दाढ कोरता कोरता त्यांनी सांगितलं, की सध्या पाहण्यासारखं एकच आहे. पडदा नाही, रंगमंच नाही, घंटा नाही. जुन्या छापखान्याच्या इमारतीत हॉटेलासारखी टेबलं मांडलेली असतात, आपण जेवायला बसायचं आणि नाटक आपल्या अवतीभवती सुरू होतं. वेटर नट, मालक नट, शेजारच्या टेबलावरचा माणूसही नट असू शकतो. बाहेर पाटीसुद्धा लावलेली नाही, मुद्दाम. आणि अशा ठिकाणी 'नाटक सुरू झालं का हो?' असं विचारणाऱ्याइतका गावंढळ माणूस दुसरा नाही. विचारायचं नाही. कुणी आपल्याशी बोललं तर खरं समजून उत्तर द्यायचं, जमलं तर थोडी भरच घालायची. नटांना ते आवडतं.

व्हाउचररावांना यावर निदान चारपाच शंका होत्या. पण त्यांनी 'आँ आँ' केलं ते डेंटिस्टांनी दाढ दुखतेय असं समजून भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं, आणि शंका दाढेबरोबरच बधिर झाल्या.

तिकिटं मिळवणं हे वेगळंच नाटक झालं. ती मिळत होती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका थिएटरच्या खिडकीवर. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की प्रत्येक प्रेक्षकाने हमीपत्रावर सही करायची: प्रयोगात जे घडेल ते मी मनाला लावून घेणार नाही. व्हाउचररावांनी चार कागद घरी आणले. तीन सह्या चहाचा कप रिकामा व्हायच्या आत झाल्या. साडूभाऊंनी मात्र चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि 'मनाला' हा शब्द खोडून तिथे 'अवाजवी रीतीने मनाला' असं घालून बाजूला छोटी सही ठोकली. खिडकीने खाडाखोड चालणार नाही म्हणून कागद परत केला. नवा कागद आला. साडूभाऊंनी त्यातही तीच दुरुस्ती केली, कारण त्यांचं मत मधल्या काळात बदललेलं नव्हतं. शेवटी खिडकीवाल्या बाई म्हणाल्या की अशा गृहस्थांनी मनाला लावून घेतलं तरी आम्हाला चालेल, पण तुम्ही आता जा.

त्या संध्याकाळी चौघं टॅक्सीतून छापखान्याच्या इमारतीपाशी उतरले. तळमजल्यावर एका काचेच्या दाराच्या वर पाटी नव्हती, नुसते चार खिळे होते. व्हाउचररावांनी खिळ्यांकडे बोट दाखवून साडूभाऊंना हळूच सांगितलं, "पाटी मुद्दाम नाही लावलेली." साडूभाऊंनी खिळे मोजल्यासारखे पाहिले.

खरी गोष्ट अशी होती की पाटी रंगवायला गेली होती. हे एक साधं, प्रामाणिक हॉटेल होतं. नाटक होतं वरच्या मजल्यावर, आणि जिना इमारतीच्या बाजूने होता. पण हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं, आणि विचारायचं तर नव्हतंच.

दारात काळ्या कोटातला मॅनेजर उभा होता. चौघांना पाहून त्याचा चेहरा उजळला. आपलं चौघांचं टेबल आहे ना, असं त्याने विचारलं. व्हाउचररावांनी एक डोळा किंचित बारीक करून म्हटलं, "ते तुम्हाला माहीत असायला हवं." मॅनेजर घाईघाईने म्हणाला की माहीत आहे ना साहेब, कधीची वाट पाहतोय, मालक येतीलच. आणि त्यांना अगदी मधल्या, फुलं ठेवलेल्या टेबलाशी घेऊन गेला. व्हाउचररावांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. दारातच सुरू!

आता मॅनेजरची काय समजूत झाली तेही सांगायला हवं. हॉटेलच्या मालकांच्या मुलाने आपलं लग्न आपणच ठरवलं होतं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी अजून एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. म्हणून त्या संध्याकाळी मुलीचे आईवडील, मामा आणि मामी हॉटेलात यायचे होते. मोठ्यांची ओळख झाली की गोडाच्या वेळी मुलगा मुलीला घेऊन येणार होता. मॅनेजरला हुकूम होता, की चौघं येतील, सोयरे आहेत, कशात कमी पडायला नको.

काही कमी पडलं नाही. सूप आलं आणि ते इतकं चांगलं होतं की व्हाउचररावांनी दुसऱ्यांदा घेतलं. बायको म्हणाली, नाटकवाल्यांना एवढं चांगलं सूप कसं परवडतं? ताईंनी पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवरून हात फिरवून पाहिला. एवढ्यात एक ठेंगणे, घामेजलेले गृहस्थ आपल्या पत्नीला घेऊन आले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही मुलाचे आईवडील. बसू का?"

"बसा, बसा," व्हाउचरराव म्हणाले. "तुमचंच हॉटेल आहे."

मालक कसनुसे हसले आणि बसले. मग ते आपल्या मुलाबद्दल सांगू लागले. मुलगा इथेच स्वयंपाकघर सांभाळतो. शिकला होता दुसरंच, पण हाताला चव आहे. आज तुम्ही येणार म्हणून सकाळपासून सगळं त्यानेच रांधलं. बोलता बोलता मालक टेबलावरचा काटा सरळ करत होते, तो सरळ असूनही. व्हाउचररावांनी साडूभाऊंकडे झुकून म्हटलं, "बारकावे बघताय ना?" साडूभाऊ म्हणाले, "बरं आहे."

हे 'बरं आहे' व्हाउचररावांच्या जिव्हारी लागलं. त्यांना वाटलं, साडूभाऊंचंही बरोबरच आहे. दोन कुटुंबं गोड बोलतायत, सूप पितायत, यात नाटक कुठे आलं? नटांना बिचाऱ्यांना वाव मिळायला हवा, आणि तो प्रेक्षकांनीच द्यायचा असतो. डेंटिस्टांनी भर घालायला सांगितलंच होतं. तेव्हा मालकांनी जरा चाचरत, मग तुमच्या मनात काय आहे, असं विचारलं तशी व्हाउचररावांनी नॅपकिन खाली ठेवला, आवाज जड केला आणि म्हणाले, "खरं सांगू? आमच्या मनात नाही हे लग्न."

 मालकांनी विचारलं, का. व्हाउचररावांनी क्षणभर विचार केला आणि जे पहिलं सुचलं ते बोलले, की जावई दिवसभर चुलीपुढे उभा राहणार, हे चारचौघांत सांगायचं कसं? आता साडूभाऊंनाही रंग चढला. त्यांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं, स्वयंपाकघरातल्या वजनांवर यंदाचा शिक्का आहे का? मालक म्हणाले, आहे, आणून दाखवू का? साडूभाऊ म्हणाले, आणा. ताईही मागे राहिल्या नाहीत. त्यांनी मुलाच्या आईला विचारलं की तुमच्या घरी माणसं जेवतात कधी, लोकांना वाढून झाल्यावर?

 मुलाच्या आईने मान खाली घातली आणि पदराने डोळे टिपले.

व्हाउचररावांच्या बायकोने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. "अहो, ती बाई खरंच रडतेय."

"त्यालाच अभिनय म्हणतात."

"नाही हो. नाक लाल झालंय तिचं."

व्हाउचररावांनी नाकाकडे पाहिलं. ते लाल होतं. नाक लाल करण्याचं तंत्र नटांकडे असतं की नसतं, याविषयी डेंटिस्ट काही बोलले नव्हते. हिशेबाची बेरीज जुळत नसली की ते कागद पुन्हा वरून तपासत, तसं त्यांनी ते नाक पुन्हा एकदा पाहिलं. मालक वजनं आणायला आत गेले होते. व्हाउचरराव हात धुऊन येतो म्हणून उठले.

बेसिन शोधत ते बाजूच्या बोळात गेले. तिथे जिना होता आणि पहिल्या पायरीवर एक बाई फळी मांडीवर घेऊन बसली होती. फळीवर लिहिलं होतं: प्रयोग सुरू आहे, शांतता राखा. वरून एक पुरुषी आरडाओरडा आणि पाठोपाठ ताटं फुटल्याचा आवाज आला.

व्हाउचररावांनी खिशातली तिकिटं काढून बाईंपुढे धरली. हात धुवायचे राहिलेच होते, त्यामुळे तिकिटांना सूप लागलं. बाईंनी ती पाहिली आणि कुजबुजत सांगितलं की असं कसं होईल, तुमची चार माणसं तर केव्हाच वर जाऊन बसली आहेत. खाली पाटी दिसेना म्हणून वर आलो, आमचं चौघांचं टेबल राखून ठेवलंय म्हणाले, तिकिटं मागितली तर म्हणाले, आम्ही सोयरे आहोत, आम्हाला कसली तिकिटं? मला वाटलं, मस्करी करतायत. नाटकाला येणारे करतात अशी.

व्हाउचरराव जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. एकेक नोंद आपापल्या खात्यात जाऊन पडू लागली. खाली सोयऱ्यांची वाट पाहणारं टेबल. वर तिकीटवाल्यांची वाट पाहणारं टेबल. वरच्या टेबलावर सोयरे आणि खालच्या टेबलावर, सूप दोनदा घेऊन, आपण.

तेवढ्यात जिन्यावरून चौघं तावातावाने उतरले. पुढचे गृहस्थ म्हणजे मुलीचे वडील होते. असलं घर, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बापाने मुलाच्या अंगावर ताटं फेकावीत, आईने मधे पडू नये, आणि पाहुणे बसलेत याची कुणाला लाज नाही! मामा त्यांना म्हणत होते की पोरीला आत्ताच फोन करू, आमच्याकडून संपलं म्हणून. मामी मागून जपून उतरत होत्या. त्यांच्या हातात अजून वरचा चमचा होता.

या घडीला व्हाउचररावांपुढे दोन वाटा होत्या. एक वाट बोळातून थेट रस्त्यावर जात होती. बायकोला, ताईंना आणि साडूभाऊंना खूण करायची, टॅक्सी करायची आणि नाटक संपलं म्हणायचं. कुणाला काही कळलं नसतं. साडूभाऊ 'बरं आहे' म्हणाले असते आणि आयुष्य पूर्वीसारखं चाललं असतं. दुसरी वाट आत जात होती, आणि तिच्या टोकाशी साडूभाऊ बसले होते. ज्यांच्यापुढे एकदा तरी मान ताठ करायची म्हणून हा सगळा घाट घातला, त्यांच्याच पुढे आपण किती मोठे गाढव आहोत हे मोठ्याने सांगावं लागणार होतं.

त्यांच्या डोळ्यांपुढे ते लाल नाक आलं.

त्यांनी मुलीच्या वडिलांचा दंड धरला. ते सोडवू लागले, तरी व्हाउचररावांनी सोडला नाही. चौघांना घेऊन ते हॉटेलात शिरले. मालक दोन्ही हातांत वजनं घेऊन टेबलाशी उभे होते. शेजारच्या टेबलांवरच्या लोकांनी जेवण थांबवलं. व्हाउचररावांनी हात जोडले. ते इतके कापत होते की जोडलेले राहीनात.

"मंडळी, चूक माझी आहे. तुम्ही वर पाहिलंत ते नाटक होतं. ही त्याची तिकिटं, माझ्याच खिशात आहेत. आणि खाली चाललं होतं ते सगळं खरं, ते मी नाटक समजून खाल्लं." ते मालकांकडे वळले. "तुम्हाला मी नाही नाही ते बोललो. तुमच्या मुलाच्या हाताला चव आहे. सूप मी दोनदा घेतलं. मला नाटकातलं काही कळत नाही, कधी कळलंही नव्हतं. मी इथे एका माणसावर छाप पाडायला आलो होतो. मला माफ करा, आणि पोरांचं लग्न मोडू नका."

 हॉटेलात इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावरचा नट कुणाला तरी 'चालता हो' म्हणाला ते खाली ऐकू आलं.

आणि मग मधल्या टेबलावरून आवाज आला.

"वा."

साडूभाऊ उभे राहिले होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा चढवला आणि अगदी पोटातून म्हणाले, "वा! क्या बात है!" आणि टाळ्या वाजवू लागले. मॅनेजरला काय करावं कळेना. मालकांचे सोयरे टाळ्या वाजवतायत असं समजून त्यानेही वाजवल्या. मग शेजारच्या टेबलांनीही.

मुलीच्या वडिलांनी तिकिटं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, म्हणजे तो ताटं फोडणारा? नट, व्हाउचरराव म्हणाले. आणि त्याची बायको? तीही. मामींनी चमचा हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की तरीच, इतकं ओरडून घसा कसा बसत नाही याचं मला नवलच वाटत होतं. यावर मुलाची आई रडता रडता हसली, आणि एकदा एक हसलं की बाकीच्यांचा काही इलाज राहत नाही. मुलगा मुलीला घेऊन आला तेव्हा दोन्ही घरं एकमेकांना आग्रह करकरून वाढत होती आणि आपले वडील दोन्ही हातांत वजनं घेऊन का उभे आहेत हे त्याला कुणी सांगेना.

मालकांनी व्हाउचररावांकडून काही घेतलं नाही. तुम्ही सोयऱ्यांचं जेवलात, सोयरे तुमच्या तिकिटावर जेवले, आता कसला हिशेब, असं म्हणाले. साडूभाऊंना हा प्रवेश जरा लांबला असं वाटलं.

परतीच्या टॅक्सीत साडूभाऊ पुढच्या सीटवरून सतत मागे वळून बोलत होते. इतक्या वर्षांत ते एवढं कधी बोलले नव्हते. नाटकात तुमचं काम आहे याची दाद लागू दिली नाहीत हो, म्हणाले. मॅनेजरचं काम कच्चं होतं, मालकाचं ठीक, पण शेवटचा तुमचा प्रवेश!

"ते हात कापत होते ना, ते कसं जमवलंत?"

व्हाउचररावांनी सांगण्यासाठी तोंड उघडलं. शेजारी बसलेल्या बायकोने, जिला सगळं कळलं होतं, त्यांच्या हातावर हात ठेवला. तो गप्प राहा म्हणून ठेवला की सांगून टाका म्हणून, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

"सवयीने," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दाढ भरून घ्यायला गेले तेव्हा कापूस कोंबून झाल्यावर डेंटिस्टांनी सांगितलं, की आपण गेल्या आठवड्यात तो प्रयोग पुन्हा पाहिला, आणि काय सांगू, दिग्दर्शकाने नवीनच चार नट घेतलेत. अगदी साध्यासुध्या प्रेक्षकांसारखे बसतात आणि ऐन रंगात आल्यावर संतापून उठून जातात. इतका अस्सल संताप रंगभूमीवर पाहिला नव्हता. व्हाउचरराव 'आँ' म्हणाले. डेंटिस्टांनी भूल वाढवली.

तेव्हा शेवटची बाकी अशी निघते. मालकांना सून मिळाली. सोयऱ्यांना दोन जेवणं मिळाली, त्यातलं एक ताटं फुटत असताना. डेंटिस्टांना चार नवे नट मिळाले. व्हाउचररावांना त्यांचा 'वा' मिळाला, पण तो ज्या माणसाच्या खात्यावर जमा झाला तो माणूस अस्तित्वातच नव्हता. आणि किंमत? साडूभाऊंनी गावाला परतल्यावर नात्यातल्या प्रत्येक घरी सांगितलं की आमचा साडू पट्टीचा नट आहे. तेव्हापासून कुणाचं लग्न असो की बारसं, पंगत उठली की साडूभाऊ सगळ्यांना गोळा करून बसवतात, व्हाउचररावांना मधे उभं करतात आणि म्हणतात, तो माफीचा प्रवेश होऊन जाऊ द्या.

व्हाउचरराव हात जोडतात. ते अजूनही कापतात. मंडळी टाळ्या वाजवतात, आणि साडूभाऊ मान हलवून म्हणतात, "बरं आहे. पण त्या दिवसासारखं नाही."